त्रेचाळीस जणांचं देणं

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, बेथेस्डा इथं, १९७५ ते १९८१ या काळात ४३ रुग्णांना एक प्रश्न विचारला गेला. प्रत्येकाच्या हातात किंवा पायात सार्कोमाची गाठ होती. हाडाची नव्हे, मांसातली. त्या काळी अशा गाठीवर खात्रीचा मानलेला उपाय एकच होता, तो हात किंवा पाय कापून टाकणं. डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटत होतं की फक्त गाठ नीट काढली आणि मग त्या जागी रेडिएशन दिलं, तर अवयव वाचेल आणि माणूसही. पण वाटणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं. म्हणून प्रश्न असा होता: तुमचा पाय कापायचा की ठेवायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवू द्याल का?

त्या ४३ जणांनी होकार दिला. १६ जणांच्या चिठ्ठीत अवयव जाणं आलं, २७ जणांच्या चिठ्ठीत वाचणं. केमोथेरपी दोन्हीकडे सारखीच होती. १९८२ साली निष्कर्ष छापून आले. अवयव वाचवलेल्या २७ पैकी ४ जणांना त्याच जागी पुन्हा गाठ आली, कापलेल्यांपैकी एकालाही नाही. पण पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण पाहिलं तर कापलेल्यांत ८८ टक्के आणि वाचवलेल्यांत ८३ टक्के. एवढ्या लहान संख्येत हा फरक धरण्यासारखा नव्हता. पाय कापल्यानं आयुष्य वाढतं याला पुरावा मिळाला नाही, आणि जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतली रीत हळूहळू बदलली. आज मांडीतली मोठी गाठ काढून रुग्णाला त्याच्याच पायांवर घरी पाठवणं ही नित्याची गोष्ट झाली आहे. त्या बदलाच्या मुळाशी हा छोटासा अभ्यास आहे.

त्या सोळा जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढच्यांचे पाय वाचतील हे कळण्यासाठी त्यांचे गेले. त्यांची फसवणूक झाली नव्हती. त्या दिवशी खुद्द डॉक्टरांनाही उत्तर ठाऊक नव्हतं, आणि हे ठाऊक नसणं प्रामाणिक होतं म्हणूनच चिठ्ठी टाकणं न्याय्य होतं. दुर्मिळ गाठींबद्दल आज जे काही पक्कं कळलेलं आहे, ते अशाच मूठभर माणसांच्या होकारावर उभं आहे.

मूठभरच, कारण हे रुग्ण मुळात विखुरलेले. चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणं, सांध्यांभोवतालच्या ऊती, थोडक्यात हाडं आणि अवयवांच्या मधला जो सगळा मऊ भाग, त्यात उगवणाऱ्या कर्करोगाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. त्या एका टक्क्यातही सत्तरहून अधिक पोटप्रकार. लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा, एपिथेलॉइड सार्कोमा... नावं एकाच कुळातली वाटली तरी स्वभाव निराळे. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला स्पर्शही करत नाही. स्तनाच्या कर्करोगावर अभ्यास करायचा तर एका शहरात हजार बायका भेटतील. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमाचे पन्नास रुग्ण जमवायला अख्खा देश पालथा घालावा लागतो.

आपल्याकडे मात्र हिशेब थोडा वेगळा आहे. भारतात दरवर्षी सुमारे चौदा-पंधरा लाख नवे कर्करोगी नोंदले जातील असा अंदाज आहे. त्याचा एक टक्का धरला, तर साध्या गुणाकारानं चौदा-पंधरा हजार माणसं होतात. हा ढोबळ अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण जगाच्या पाठीवर जिथे हे रुग्ण सर्वांत जास्त असतील, अशा देशांत आपण बसतो. आणि तरी या रोगांवरच्या गाजलेल्या औषध-अभ्यासांचे नकाशे पाहिले की ठिपके बहुतेक उत्तर अमेरिकेत आणि युरोपात दिसतात.

याची कारणं शोधायला बेथेस्डापर्यंत जायला नको, तालुक्याच्या गावी थांबलं तरी पुरे. मांडीला गाठ आली, दुखत नाही, म्हणून सहा महिने अंगावर काढली. मग दवाखान्यात गेलं की "चरबीची गाठ आहे, काळजी नको." भूल देऊन जागच्या जागी ती काढली जाते. कित्येकदा काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच जात नाही. वर्षभरात गाठ परत येते, तेव्हा कुठे शंका येते. तोवर कर्करोगाच्या पेशी चिरेच्या वाटेनं आजूबाजूला पसरलेल्या असतात, आणि पुढची शस्त्रक्रिया दुपटीनं मोठी होते. दुसरीकडे घरच्यांची समजूत असते, "सुई लावली की गाठ पसरते." म्हणून बायॉप्सी नको. खरं तर योग्य जागेतून, पुढची शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे ठेवून केलेली सुईची बायॉप्सी हाच सुरक्षित मार्ग आहे. घात होतो तो विचार न करता मारलेल्या चिरेनं. अभ्यासात कुणाला घ्यायचं याच्या अटींत आधी काय उपचार झाले, गाठीचा तुकडा जपून ठेवलेला आहे का, त्याचं निदान जाणत्या पॅथॉलॉजिस्टनं तपासलं आहे का, हे सगळं येतं. गावातल्या त्या पहिल्या चिरेलाच रुग्णाची ही वाट बंद झालेली असू शकते.

पॅथॉलॉजिस्टचा उल्लेख मुद्दाम केला. या क्षेत्रातली सर्वांत मोठी झेप मायक्रोस्कोपच्या टेबलावरून सुरू झाली. जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत येणाऱ्या एका गाठीला पूर्वी स्नायूंचा सार्कोमा समजत असत. केमोथेरपी तिच्यावर जवळपास निष्फळ. १९९८ साली जपानमधल्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या गाठींत केआयटी नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे पेशींना वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. ही गाठ म्हणजे जिस्ट. ती आधीच्या अभ्यासांतही होती, पण दुसऱ्याच नावाखाली दडलेली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिसची एक गोळी रक्ताच्या कर्करोगावर, सीएमएलवर, तपासली जात होती. तिचं नाव पुढे इमॅटिनिब झालं. ती ज्या प्रथिनाला रोखण्यासाठी घडवली होती, त्याच्याबरोबर केआयटीलाही रोखत होती. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत डॉ. हेइक्की योएनसू यांनी पन्नास वर्षांच्या एका स्त्रीला ही गोळी सुरू केली. तिच्या जिस्टवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या होत्या, केमो झाली होती, गाठी यकृतात पोचल्या होत्या आणि भराभर वाढत होत्या. रोज ४०० मिलिग्रॅम. महिन्याभरात पेट स्कॅनवरच्या गाठींची धग विझली. पुढे गाठी आक्रसत गेल्या. एप्रिल २००१ मध्ये हा वृत्तान्त 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एका रुग्णाचा अभ्यास!

एका रुग्णावरून औषध बाजारात येत नाही, येऊही नये. हेलसिंकीतला तो स्कॅन पाहिल्यावर काही महिन्यांतच, जुलै २००० पासून, अमेरिका आणि फिनलंडमधल्या केंद्रांत १४७ रुग्णांचा अभ्यास सुरू झाला. बॉस्टनचे डॉ. जॉर्ज डेमेट्री त्यात पुढे होते. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या, ५३.७ टक्क्यांच्या, गाठी ठळकपणे लहान झाल्या. आणखी चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक रुग्णांच्या जागीच थांबल्या. १ फेब्रुवारी २००२ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जिस्टसाठी मान्यता दिली. पहिल्या रुग्णानं पहिली गोळी घेतल्यापासून दोन वर्षंही झाली नव्हती. पसरलेल्या जिस्टमध्ये आधी रुग्ण जेमतेम दीडएक वर्ष काढत. त्या १४७ जणांचा पुढे बराच काळ मागोवा घेतला, तेव्हा मध्यायुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, पावणेपाच वर्षांच्या घरात निघालं.

मग पुढचा प्रश्न आला. गाठ वर्षभर ताब्यात असेल तर गोळी थांबवता येईल का? हा प्रश्न फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ५८ रुग्णांत चिठ्ठी टाकून सोडवला. गोळी थांबवलेल्या ३२ पैकी २६ जणांची गाठ पुन्हा वाढू लागली. चालू ठेवलेल्या २६ पैकी ८ जणांची. म्हणजे ही गोळी थांबवायची नाही, वर्षानुवर्षं घ्यायची.

रोजची, न थांबणारी गोळी म्हटली की किमतीचा प्रश्न येतोच, आणि इथे ही कथा मुंबईत शिरते. नोव्हार्टिसच्या गोळीची किंमत भारतात महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होती. भारतीय कंपन्या तेच औषध आठ ते दहा हजारांत देत होत्या. २००३ साली नोव्हार्टिसला भारतात एकमेव विक्रीचा हक्क मिळाला, तेव्हा स्वस्त गोळ्यांचा रस्ता अडला. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत वाय. के. सप्रू यांची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, १९६९ पासून मुंबईत रुग्णांना मदत करणारी संस्था. पेटंटच्या अर्जाला तिनं हरकत घेतली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. मग मद्रास उच्च न्यायालय, अपील मंडळ, आणि अखेर सर्वोच्च न्यायालय. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठानं नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं की ज्ञात पदार्थाचं नवं रूप पेटंटला पात्र ठरायचं तर त्याचा गुण वाढलेला दिसला पाहिजे. इमॅटिनिबच्या स्फटिकाचं जे रूप मांडलं गेलं होतं, ते या कसोटीला उतरलं नाही.

न्यायानं सांगायचं तर दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २००२ पासून नोव्हार्टिस आणि मॅक्स फाउंडेशन यांच्या योजनेतून भारतातल्या हजारो रुग्णांना ही गोळी फुकट मिळत होती, आणि त्या कामाची सूत्रं मुंबईतून विजी व्यंकटेश यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' या नावानं रुग्णांचे मेळावे भरू लागले. ज्या रोगाचा दुसरा रुग्ण उभ्या आयुष्यात भेटला नसता, त्या रोगाची माणसं एकमेकांना भेटू लागली. माझं मत मात्र स्पष्ट आहे. दानावर मिळणारी गोळी आणि परवडणाऱ्या दरात मिळणारी गोळी यांत रुग्णाच्या मानाचा फरक आहे, आणि त्या निकालानं तो मान राखला.

इमॅटिनिबच्या यशानं सगळ्यांना घाई झाली. घाई कुठे नेते याचं उदाहरण तितकंच सांगण्यासारखं आहे.

पसरलेल्या सार्कोमावर १९७० च्या दशकापासून डॉक्सोरुबिसिन हेच मुख्य औषध. लाल रंगाचं, सलाइनमधून जाणारं, केस घालवणारं, हृदयाला जपून द्यावं लागणारं. त्याच्या जोडीला ओलाराटुमॅब नावाचं नवं औषध दिलं, तर काय होतं हे १३३ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सभागृहं थक्क झाली. एकट्या डॉक्सोरुबिसिनवर मध्यायुष्य १४.७ महिने, जोडीनं २६.५ महिने. चाळीस वर्षांत असं काही घडलं नव्हतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेनं त्वरित मान्यता दिली, पण एका अटीवर: मोठा अभ्यास पुरा करून दाखवायचा. तो मोठा अभ्यास ५०९ रुग्णांचा होता. एरवी रुग्ण मिळत नाहीत म्हणून रडगाणं गायिलं जातं, इथे ते वर्षाच्या आत जमले, कारण जगभरची केंद्रं एकत्र आली. निकाल जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. जोडीनं २०.४ महिने, एकट्या डॉक्सोरुबिसिनवर १९.७. फरक नाहीच. औषध मागे घेतलं गेलं.

दोन्ही अभ्यास प्रामाणिकच होते. लहान संख्येत नशीब आणि गुण यांची सरमिसळ होते, एवढाच त्याचा अर्थ. एका गटात योगायोगानं सौम्य पोटप्रकाराचे रुग्ण जास्त आले, की औषधाला न कमावलेलं श्रेय मिळतं. मधल्या दोन-सव्वादोन वर्षांत किती कुटुंबांनी कर्ज काढून ते औषध मिळवायची धडपड केली असेल याची कल्पना करवत नाही. ज्यांना नवं औषध म्हणजे चांगलं औषध वाटतं, ज्यांना "प्लासिबोच्या गटात टाकलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं" असं वाटतं, त्यांनी ओलाराटुमॅबची कथा जरूर ऐकावी. त्या मोठ्या अभ्यासात प्लासिबोच्या, म्हणजे औषधाचा नुसता देखावा असलेल्या, बाजूला गेलेल्यांना डॉक्सोरुबिसिन मिळतच होतं, आणि ते त्यांच्या सोबत्यांइतकेच जगले.

प्लासिबोनं सर्वांत मोठी शिकवण दिली ती डेस्मॉइडच्या बाबतीत. ही गाठ कर्करोगासारखी दूर पसरत नाही, पण जागच्या जागी स्नायूत, मज्जातंतूत, आतड्याच्या पडद्यात घुसत जाते. दहा लाख माणसांमागे वर्षाला काही मोजके रुग्ण, बहुतेक तरुण, त्यांतही बायका जास्त. बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत ती येते, कधी जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ. काढली की परत येते, पुन्हा काढली की पुन्हा येते, आणि दर वेळी थोडा स्नायू, थोडी हालचाल जाते. अशा ८७ रुग्णांवर सोराफेनिब या औषधाचा अभ्यास झाला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. औषधानं गाठ रोखली जाते हे दिसलंच. दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्णांची गाठ वाढलेली नव्हती, प्लासिबोवर हे प्रमाण ३६ टक्के. पण प्लासिबो घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांची गाठ आपोआप लहान झाली होती! सुरी चालवण्याआधी काही महिने नुसतं लक्ष ठेवावं, हा आज सर्वमान्य झालेला सल्ला अशाच आकड्यांनी बळकट केला. साखरेची गोळी घेतलेल्या त्या रुग्णांनी नंतरच्या कितीतरी जणांची अनावश्यक शस्त्रक्रिया टाळली.

डेस्मॉइडवरच्या दुसऱ्या औषधाचा जन्म तर अडगळीतून झाला. गॅमा सिक्रेटेज रोखणारी औषधं मुळात अल्झायमरसाठी शोधली जात होती, तिथे त्यांचा उपयोग झाला नाही. फायझरकडच्या अशाच एका औषधाचा डॉ. शिवानी कुम्मर आणि सहकाऱ्यांनी बेथेस्डात १७ डेस्मॉइड रुग्णांवर अभ्यास केला. ५ जणांच्या गाठी लहान झाल्या, बाकीच्या बहुतेकांच्या स्थिरावल्या. २०१७ साली हे निष्कर्ष आले. एवढ्या थोड्या रुग्णांसाठी मोठी कंपनी औषध पुढे नेईल याची शाश्वती नव्हती. त्याच वर्षी ते औषध एका नव्या छोट्या कंपनीकडे, स्प्रिंगवर्क्सकडे, सोपवलं गेलं. रुग्ण आणि कुटुंबीयांनी २००५ साली उभी केलेली डेस्मॉइड ट्यूमर रिसर्च फाउंडेशन ही संस्था पाठीशी होती. रुग्णांची नोंदवही ठेवणं, दुखणं कसं मोजायचं हे संशोधकांना समजावणं, अभ्यासाची बातमी रुग्णांपर्यंत नेणं अशी कामं अशा संस्था करतात. १४२ रुग्णांचा मोठा अभ्यास २०२३ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या, प्लासिबोवर ८ टक्क्यांच्या. वेदना कमी झाल्या हेही स्वतंत्रपणे मोजलं होतं, आणि माझ्या लेखी ते अधिक मोलाचं. डेस्मॉइडचा रुग्ण बहुधा दगावत नाही, तो दुखण्यासह जगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये निरोगॅसेस्टॅट या नावानं मान्यता मिळाली, डेस्मॉइडसाठी मान्य झालेलं अमेरिकेतलं पहिलं औषध म्हणून.

त्याच अभ्यासानं एक धोकाही लख्ख दाखवला. मूल होण्याच्या वयातल्या ज्या बायकांनी हे औषध घेतलं, त्यांतल्या ७५ टक्क्यांच्या अंडाशयांच्या कामात बिघाड झाला. बहुतेकींचा तो पुढे सुधारला. तरुण बायकांचाच रोग, आणि औषधाचा त्रास नेमका तिथे. लग्न व्हायचं आहे, मूल हवं आहे, सासरच्यांना काय सांगायचं, हे प्रश्न आपल्याकडे या आकड्याला येऊन चिकटतील. आपल्या रुग्णांवर अभ्यास व्हायला हवेत ते यासाठीही. परदेशातला आकडा आपल्याला औषध काम करतं का हे सांगतो. तो इथल्या बाईच्या आयुष्यात कसा उतरतो, हे इथेच विचारावं लागतं.

आणि प्रश्न इथल्या मातीतला असेल तर आपण जगाला उत्तर देऊ शकतो, हे मुंबईच्या परळनं दाखवून दिलं आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बाहेर, अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर, कोणत्याही सकाळी उभं राहिलं तर फायली कवटाळून बसलेली कुटुंबं दिसतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, मराठवाडा. कुणी नातलगांकडे, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं. शस्त्रक्रिया होऊन गेली तरी येरझाऱ्या संपत नाहीत. दर तीन महिन्यांनी फॉलोअप. गाठ परत आली का, फुप्फुसात गेली का, ते पाहायला. रजा, रेल्वेचं तिकीट, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोज, सीटी स्कॅनचा खर्च. हे सगळं कशाच्या आधारावर? पाश्चात्त्य रुग्णालयांत तशी प्रथा होती म्हणून. डॉ. अजय पुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथेलाच प्रश्न केला. २००६ ते २०१० या काळात हातापायाच्या सार्कोमाची शस्त्रक्रिया झालेल्या ५०० रुग्णांना, हाडाच्याही आणि मऊ ऊतींच्याही, चिठ्ठी टाकून विभागलं. काहींना तीन महिन्यांनी बोलवायचं, काहींना सहा. काहींच्या छातीचा सीटी स्कॅन काढायचा, काहींचा साधा एक्स-रे. शिवाय रुग्णाला आपली जागा आपण कशी तपासायची हे शिकवायचं.

साध्या एक्स-रेवर आणि कमी खेपांवर भागवल्यानं रुग्णांचं आयुष्य घटल्याचं आढळलं नाही. त्याच जागी परत आलेल्या गाठी तर बहुतांश वेळा रुग्णांनी स्वतःच हातानं चाचपून ओळखल्या होत्या. नवं औषध नाही, यंत्र नाही, पेटंट नाही. कुठल्याही कंपनीला या प्रश्नात पैसा दिसला नसता. तरी या एका उत्तरानं दरभंग्याच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाच्या खेपा निम्म्यावर येऊ शकतात. २०१४ आणि २०१८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, आणि हाच प्रश्न अनेक देशांत पडताळून पाहण्यासाठी कॅनडातून 'सेफ्टी' नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास उभा राहिला. परळच्या गर्दीतून निघालेला प्रश्न श्रीमंत देशांनी उचलला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

काही गाठी मात्र इतक्या विरळ की चिठ्ठी टाकायलाही माणसं पुरत नाहीत. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमावर अॅटेझोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीचं औषध २०२२ च्या डिसेंबरमध्ये मान्य झालं ते ४९ रुग्णांच्या आधारे. त्यांतल्या २४ टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या. तुलनेला दुसरा गट नव्हता. या रोगात केमोथेरपीचा जवळपास काहीच उपयोग होत नाही आणि गाठ आपोआप क्वचितच आक्रसते, म्हणून तेवढा पुरावा स्वीकारला गेला. एपिथेलॉइड सार्कोमासाठी टॅझेमेटोस्टॅट २०२० मध्ये मान्य झालं, ६२ रुग्णांवरून, १५ टक्के प्रतिसादावर. ओलाराटुमॅब आठवलं की अशा मान्यतांकडे सावधपणेच पाहावंसं वाटतं. पण जिच्या फुप्फुसात गाठी आहेत त्या मुलीला पाचशे रुग्ण जमेपर्यंत थांब असं सांगता येत नाही. या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग मला दिसतो. प्रत्येक रुग्णाची नोंद, गाठीचा प्रत्येक तुकडा, प्रत्येक औषधाचा बरावाईट परिणाम एका जागी यायला हवा. २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, आज त्यात देशातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि संस्था आहेत. दुर्मिळ सार्कोमांसाठी या जाळ्याचा मनापासून वापर झाला, तर ज्या अभ्यासाला अमेरिकेत सहा-सात वर्षं लागतात तो इथे दोन वर्षांत पुरा होऊ शकेल असं मला वाटतं.

अडतं ते विश्वासापाशी. "आमच्यावर प्रयोग करताय का?" हा प्रश्न आपल्या घरांतून उगाच येत नाही. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींवर झालेल्या एचपीव्ही लशीच्या अभ्यासात संमती कशी घेतली गेली याच्या कहाण्या देशानं ऐकल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, नियम आवळले गेले, आणि काही वर्षं भारतातले अभ्यास खूप रोडावले. संशोधक त्या वर्षांबद्दल हळहळतात. मला त्या आवळण्यात चूक दिसत नाही. बेथेस्डाच्या त्या ४३ जणांना काय होणार हे समजावून सांगितलं होतं म्हणून त्यांचा होकार मोलाचा. न समजता उठवलेल्या अंगठ्याला तसं मोल नाही.

आज औषध-अभ्यासांना २०१९ चे नियम लागू आहेत. माहिती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागते. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीत वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्तीही असते. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. प्रचलित उपचार असूनही प्लासिबोवर ठेवल्यानं इजा झाली, तर तीही भरपाईच्या कक्षेत येते. भारतात जो रोग पाच लाखांहून जास्त लोकांना नाही, त्याचं औषध 'ऑर्फन' मानलं जातं, म्हणजे सार्कोमाचे जवळपास सगळेच पोटप्रकार त्यात बसतात. भारतातला प्रत्येक औषध-अभ्यास सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत रुग्ण घेण्याआधी नोंदवावा लागतो, आणि ती नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते. घरातल्या शिकत्या पोरानं मोबाइलवर रोगाचं नाव टाकून शोधलं, तरी कुठल्या शहरात काय चालू आहे ते कळतं.

ज्यांच्या अंगावर लिंबापेक्षा मोठी, वाढणारी किंवा खोलवर गेलेली गाठ आहे, त्यांनी चीर मारून घेण्याआधी एमआरआय आणि मग सुईची बायॉप्सी यांचा आग्रह धरावा, आणि निदानाची काच सार्कोमा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्यावी. जपून ठेवलेला मेणातला तुकडा आपल्या मालकीचा समजून मागून घ्यावा, पुढे कुठल्याही अभ्यासात तोच पहिल्यांदा विचारला जातो. आणि अभ्यासात जायचं ठरलं, तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारावं: औषध मला लागू पडलं आणि अभ्यास संपला, तर पुढची गोळी कोण देणार? २०१९ च्या नियमांत त्याचीही सोय आहे. दुसरा उपाय नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि नीतिमत्ता समितीनं मान्य केलं, तर कंपनीनं ते औषध त्या रुग्णाला पुढेही मोफत द्यायचं असतं. हे उत्तर संमतीपत्रात कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगावं, आणि त्या पत्राची प्रत घरी आणावी.